तुकोबांचं रूप घेतलेला माणूस : विष्णुपंत पागनीस



आमच्या दिंडीच्या मठात वीणा ठेवायच्या कोनाड्यावर एक तसबीर आहे. कपाळी गंध, गळ्यात तुळशीमाळ, डोक्याला पागोटं आणि नजर थोडी वर लागलेली. आमच्यातले जे आज सत्तरी ओलांडून गेले, त्यांनीही ही तसबीर लहानपणापासून तिथंच पाहिली. काकड्याला तिला ओवाळायचं, एकादशीला हार घालायचा, आषाढीला निघताना तिच्यापुढं नारळ फोडायचा आणि मग पताका उचलायच्या, अशी आमची रीत. हे तुकोबाराय, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. ते आम्हाला ठाऊकच होतं.

दिंडीला शंभर वर्षं होतात म्हणून मठाची रंगरंगोटी निघाली. तसबिरीची काच तडकली होती, ती बदलायला खाली उतरवली. तेव्हा आमच्याच एका टाळकऱ्याचा शिकलेला नातू जवळ उभा होता. त्यानं तसबीर निरखून पाहिली आणि सहज सांगून टाकलं, की हे तुकाराम महाराज नाहीत, हे सिनेमात तुकाराम महाराज झालेले नट आहेत, विष्णुपंत पागनीस त्यांचं नाव.

माउली, त्या दिवशी मठात हरिपाठ झाला, पण कोणाचं मन थाऱ्यावर नव्हतं. काहींचं म्हणणं पडलं, की नटाच्या फोटोला आपण इतकी वर्षं ओवाळलं, हे पाप झालं, तसबीर आत्ताच्या आत्ता काढा. काहींचं म्हणणं, की आमच्या बुढ्या मायनं मरताना याच तसबिरीकडं पाहून हात जोडले, आता ती खोटी म्हणायची का? शब्दानं शब्द वाढला. शेवटी आमच्या विणेकरीबुवांनी दोन्ही बाजूंना थांबवलं. त्यांचं सांगणं एवढंच, की काढायची की ठेवायची हे मागून ठरवू, आधी हा माणूस कोण होता ते तरी समजून घेऊ. ज्याच्या गळ्यात इतकी वर्षं हार घातला त्याची आपल्याला काहीच ओळख नसावी, हे बरं नाही. म्हणून हा लेख स्मरणिकेत घेतला.

चिकोडीचा मुलगा

विष्णुपंत पागनीसांचा जन्म 1 नोव्हेंबर 1892 रोजी झाला. गाव चिकोडी, जिल्हा बेळगाव. तो भाग कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारा. तिथून पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांची परंपराही जुनी. पंढरीनाथाला कानडा म्हणण्याची आपली सवय आहे, तर त्या मुलखातला हा माणूस.

गळा चांगला म्हणून लहान वयातच ते नाटकात गेले. त्या काळी नाटक कंपनीत मुलगा जाणं म्हणजे घरातून जाणंच. कंपनी म्हणजे एक चालतं-फिरतं गाव असायचं. पडदे, पेट्या, आचारी, तबलजी, सारंगीवाला, सगळा लवाजमा आगगाडीत भरून गावोगाव फिरायचा. आपल्या वऱ्हाडात कापसाचा हंगाम आला, जिनिंग सुरू झाल्या, लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, की अशा कंपन्या अकोला, अमरावती, खामगावकडं वळायच्या. आपल्या आजोबा-पणजोबांनी पऱ्हाटी विकून घरी जाताना तिकीट काढून नाटकं पाहिलेली आहेत, हे कितीतरी घरांत अजून सांगतात.

विष्णुपंत ज्या कंपनीत वाढले तिचं नाव स्वदेश हितचिंतक नाटक मंडळी. या कंपनीत केशवराव भोसले हे मोठे गायक नट लहानपणी नावारूपाला आले आणि 1908 साली त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. अशा गवयांच्या कंपनीत टिकायचं तर सूर पक्का लागायचा. विष्णुपंतांनी तो कमावला.

पण विष्णुपंत तिथं राजा किंवा वीर होत नव्हते. ते बायकांची कामं करत. तेव्हा चांगल्या घरच्या बायका रंगभूमीवर येत नसत, म्हणून मुलं आणि तरुण पुरुष लुगडं नेसून नायिका होत. त्यांना स्त्रीपार्टी म्हणत. आज कोणी हसेल, पण तेव्हा ते मोठ्या मानाचं आणि मोठ्या कष्टाचं काम होतं. नऊवारी नेसून सहज चालायचं, पदर सावरायचा, लाजायचं, रडायचं आणि हे सगळं करत सुरात गायचं. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली आपला पहिला चित्रपट राजा हरिश्चंद्र काढला, तेव्हा तारामतीचं काम करायला त्यांनासुद्धा बाई मिळाली नाही. साळुंके नावाच्या पुरुषानं ते काम केलं.

आपल्या वऱ्हाडाला ही गोष्ट परकी वाटू नये. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला 1881 साली जन्मलेले, माधानचे आपले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज स्वतःला ज्ञानोबांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानत, त्या भावानं बायकी अलंकार घालत. त्यांचं ते अंगीकारणं भक्तीचं होतं, नाटकातलं पोटाचं होतं. दोन्ही एकच आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण पुरुषानं स्त्रीचं मन घेऊन उभं राहणं आपल्या मातीला नवीन नाही, एवढंच सांगायचं आहे. आणि ज्या रुक्मिणीचं माहेर आपलं कौंडण्यपूर, तिचंसुद्धा काम मराठी नाटकांत पुरुषांनीच वर्षानुवर्षं केलं.

कंपनी सुटली, शाळा धरली

स्त्रीपार्टी नटाचं आयुष्य गाईच्या दुधासारखं असतं, आटलं की संपलं. आवाज फुटतो, अंग भरतं, मिशा येतात. नवा कोवळा मुलगा कंपनीत येतो आणि जुन्याला बाजूला व्हावं लागतं. काही थोडे नट चाळिशीपर्यंत नायिका होऊन टिकले, बालगंधर्व त्यांत पहिले. बाकीच्यांचं काय झालं हे कोणी लिहून ठेवलं नाही.

विष्णुपंतांनी नाटक सोडून मुंबईत शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायची नोकरी धरली. काल ज्याच्या पदाला वन्समोअर मिळत होता, तो आज पोरांना सा रे ग म घोकवू लागला. जोडीला भजन होतंच. भजनी मंडळी जमवायची, टाळ-मृदंगात गायचं, हे त्यांनी सोडलं नाही. आम्हाला वाटतं, त्यांच्या आयुष्यातली हीच खरी तयारी होती. नाटकात गाताना गवई तानेवर तान घेतो, कारण समोरच्याला चकित करायचं असतं. भजनात तसं चालत नाही. तिथं पाठीमागून धरणारे टाळकरी असतात, त्यांना झेपेल असंच गावं लागतं. आपल्या दिंडीत एखादा नवा गवई चाल सोडून हरकती घेऊ लागला, की जुने टाळकरी टाळ थांबवून त्याच्याकडं बघतात, हे आपण जाणताच. विष्णुपंतांच्या गळ्यातली नाटकी तान भजनानं उतरवली आणि सरळ सूर मागं ठेवला.

इकडं जग बदलत होतं. 1931 साली बोलपट आला. 1932 साली प्रभात कंपनीनं अयोध्येचा राजा काढला, मराठी बोलपटांची वाट तिथून रुळली. पडद्यावर खऱ्या बायका नायिका झाल्या. नाटक कंपन्या एकामागून एक कर्जात बुडू लागल्या. लुगडं नेसून नायिका होणाऱ्यांचा काळ सरला, तो कायमचा.

प्रभातचे दोन मामा

प्रभात फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरात निघाली आणि 1933 साली पुण्याला आली. तिचा स्टुडिओ जिथं होता तिथं आज सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कंपनीचे मालक पाच. त्यांतले दोघं विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. एक ब्राह्मण, एक मुसलमान. दोघांची दोस्ती अशी, की चित्रपटावर नाव लागायचं ते दामले-फत्तेलाल असं जोडून. फत्तेलालांना सगळे साहेबमामा म्हणत. दोघंही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, हातानं काम करणारे कारागीर.

प्रभातनं 1935 साली धर्मात्मा हा चित्रपट काढला. तो पैठणच्या एकनाथ महाराजांवर. त्याचं नाव आधी महात्मा ठेवलं होतं, सरकारच्या सेन्सॉरनं हरकत घेतली म्हणून बदलावं लागलं. नाथांचं काम बालगंधर्वांनी केलं. आयुष्यभर नायिका झालेल्या माणसानं दाढीमिशीनिशी नाथ व्हायचं, लोकांना ते जड गेलं. बालगंधर्व लवकरच पुन्हा रंगभूमीकडं वळले.

आणि दुसऱ्याच वर्षी दामले-फत्तेलालांनी तुकोबारायांवर चित्रपट काढायचं धरलं आणि तुकोबांच्या कामाला निवडले विष्णुपंत पागनीस. म्हणजे पुन्हा एक जुना स्त्रीपार्टीच. या निवडीबद्दल कंपनीत शंका होती. शंका खोटीही नव्हती. वर्षानुवर्षं बाई होऊन उभं राहिलेल्या माणसाच्या चालण्यात, मान वळवण्यात, हात हलवण्यात ती सवय उरतेच. तुकोबा म्हणजे देहूचे कुणबी-वाणी, दुकान सांभाळलेले, दुष्काळ पाहिलेले, बायको-पोरं उपाशी मरताना पाहिलेले. त्यांना हा मऊ माणूस कसा शोभणार? पण दोघं मामा आपल्या निवडीवरून हलले नाहीत.

आणि जे वैगुण्य वाटलं तेच कामाला आलं. विष्णुपंतांच्या अंगात नायिकेची जी नरमाई मुरली होती, तिला या वेळी लुगडं नव्हतं, पागोटं होतं. पुरुषाची मिजास त्यांच्या तुकोबात कुठंच दिसत नाही. जिजाई रागावते तेव्हा ते ओशाळतात. कोणी छळतं तेव्हा ते उलट बोलत नाहीत, पण घाबरतही नाहीत. विठोबापुढं उभे राहतात तेव्हा सासरहून माहेरी आलेल्या लेकीसारखे दिसतात. आपण वारकरी पंढरीला माहेरच म्हणतो ना? ते माहेरपण त्यांच्या डोळ्यांत दिसलं, म्हणून तो माणूस आपला वाटला.

देहू पडद्यावर

12 डिसेंबर 1936 रोजी मुंबईत गिरगावच्या सेंट्रल सिनेमात संत तुकाराम लागला. तुकोबा शके 1571 मध्ये वैकुंठाला गेले, त्याला तेव्हा पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली होती. कथा लिहिली शिवराम वाशीकरांनी, संगीत दिलं केशवराव भोळ्यांनी. पुण्याच्या स्टुडिओत देहूचे रस्ते, घरं, इंद्रायणीचा काठ उभा केला. जिजाईचं काम गौरी नावाच्या बाईनं केलं. ती प्रभात कंपनीत किरकोळ कामं करत वर आलेली. चेहऱ्याला रंग नाही, बोलण्यात शिकलेपणा नाही. म्हैस धुणारी, पोरांसाठी भांडणारी, उपाशी राहणारी, विठोबाला शिव्या देणारी अशी जिजाई तिनं उभी केली, की आमच्या बायामाणसांना आपली शेजारीणच वाटली. तुकोबांचा द्वेष करणारा सालोमालो भागवत नावाच्या नटानं रंगवला.

आम्हाला या चित्रपटाचं मोठेपण इथं वाटतं. तुकोबांना त्यानं नुसतं चमत्कार करणारं देवमाणूस केलं नाही. चमत्कार आहेत, शेवटी पुष्पक विमानही आहे. पण त्याच घरात पोरं भुकेली आहेत, चूल थंड आहे आणि जिजाईचा प्रश्नही खरा आहे. नवरा भजनात बुडाला तर घर कोणी चालवायचं? या प्रश्नाला चित्रपट हसण्यावारी नेत नाही. आमच्यातल्या किती जणांच्या घरी आषाढी जवळ आली, पेरणी तोंडावर आली, की हीच कुरबूर होते! बायको वावराकडं बोट दाखवते आणि आपण पंढरीकडं. विष्णुपंतांचा तुकोबा त्या भांडणात जिजाईला कमी लेखत नाही. तिचं ऐकून घेतो आणि तरी त्याचं मन विठोबाकडंच असतं.

सेंट्रलमध्ये हा चित्रपट 57 आठवडे चालला. वर्षाहून जास्त एकाच थिएटरात चित्रपट चालणं तेव्हा आपल्या देशात नवलाचं होतं. 1937 साली इटलीतल्या व्हेनिस शहराच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. तिथल्या लोकांना ना मराठी येत होतं, ना पंढरपूर ठाऊक होतं. पण तुकोबाची तळमळ त्यांना कळली.

मग तो गावागावांत आला. शहरातल्या थिएटरांनंतर जत्रेतल्या तंबू सिनेमात आला, मशीन गाडीवर घालून फिरणाऱ्यांबरोबर आला. आमच्या दिंडीतली जुनी माणसं सांगत, की तंबूत जायच्या आधी लोक वहाणा बाहेर काढत. विठ्ठलाची मूर्ती पडद्यावर आली की हात जोडत. कोणी पडद्याकडं बुक्का उधळी. वैकुंठाला जायचा प्रसंग आला की बाया पदर तोंडाला लावून रडत आणि चित्रपट संपल्यावर कोणी लगेच उठत नसे. तिकिटाचे पैसे देऊन कीर्तन ऐकून आल्याचं समाधान त्यांना असायचं.

एक पद आणि एक चेहरा

इथं आमच्या दिंडीची आणखी एक चूक सांगतो, कारण ती या तसबिरीसारखीच आहे. त्या चित्रपटात बीज आणि वृक्षाचं रूपक घेतलेलं एक पद आहे. आमच्या भजनात ते आम्ही कितीतरी वर्षं तुकोबांचा अभंग म्हणून म्हणत आलो. ते गाथ्यात नाही. ते शांताराम आठवले या कवींनी त्या चित्रपटासाठी लिहिलं. इतकं तुकोबांच्या वळणाचं, की मोठमोठे जाणते चकले, तिथं आमची काय कथा.

म्हणजे बघा, आठवल्यांचं पद आम्ही तुकोबांचं मानलं आणि पागनीसांचा चेहरा तुकोबांचा मानला. दोघांच्याही कामाचा हा मोठाच मान. पण या मानात त्यांची स्वतःची नावं मात्र पुसली गेली. आमच्या मठातलीच तसबीर अशी आहे असंही नाही. त्यानंतर निघालेल्या कॅलेंडरांवर, देवघरातल्या फोटोंत, पोथ्यांच्या मुखपृष्ठांवर तुकोबा म्हणून जो चेहरा येत राहिला, तो पुष्कळ ठिकाणी विष्णुपंतांचा आहे किंवा त्यांच्यावरून काढलेला आहे. तुकोबांच्या काळी फोटो नव्हते. लोकांना डोळ्यांपुढं धरायला काहीतरी रूप हवं होतं. ते या माणसानं दिलं.

सुटका नव्हती

पण रूप देणाऱ्याचं काय झालं? तुकोबानंतर विष्णुपंतांकडं लोक दुसऱ्या नजरेनं पाहू लागले आणि चित्रपटवाल्यांनीही त्यांना दुसरं काम जवळपास दिलंच नाही. 1939 साली रणजित कंपनीच्या चित्रपटात ते संत तुलसीदास झाले. 1940 साली प्रकाश कंपनीच्या नरसी भगतमध्ये गुजरातचे नरसी मेहता झाले. 1943 साली भक्तराज आणि महात्मा विदुर हे दोन चित्रपट आले. सगळीकडं संत, भक्त, सत्पुरुष. तरुणपणी कंपनीनं त्यांना बाईच्या वेषात ठेवलं, उतारवयात सिनेमानं संताच्या वेषात ठेवलं. स्वतःच्या वेषात, चिकोडीचा विष्णू म्हणून, त्यांना लोकांनी कधी नीट पाहिलं नाही.

एक मात्र ध्यानात घेण्यासारखं आहे. तुलसीदास उत्तरेचे, नरसी मेहता जुनागडचे. बेळगावकडचा हा मराठी गळा त्या दोघांनाही घेऊन गुजरात-उत्तर हिंदुस्थानापर्यंत पोचला. आपली वारी जशी वेगवेगळ्या वाटांनी येऊन एका वाळवंटात मिळते, तशी त्यांच्या गळ्यात तीन प्रांतांची भक्ती मिळाली.

3 ऑक्टोबर 1943 रोजी विष्णुपंत गेले. वयाची एक्कावन्न वर्षं पुरी व्हायला अजून महिना बाकी होता. तुकोबा म्हणून लोकांपुढं आल्यापासून जेमतेम सात वर्षं त्यांना मिळाली.

मग तसबिरीचं काय?

हे सगळं मठात एका एकादशीच्या रात्री वाचून झालं. मग बोलणं सुरू झालं. या वेळी आवाज चढले नाहीत.

एका जुन्या माणसानं गाडगेबाबांची आठवण काढली. बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. 1956 च्या डिसेंबरात अमरावतीजवळ वलगावपाशी त्यांनी देह ठेवला. कोणी पाया पडायला आलं की बाबा दूर पळायचे, आपला कोणी शिष्य नाही असं सांगायचे. पुढं 1977 साली राजदत्तांनी देवकीनंदन गोपाला हा चित्रपट काढला, त्यात डॉ. श्रीराम लागू गाडगेबाबा झाले. लागू स्वतः देव न मानणारे, पण काम असं केलं, की पाहणाऱ्याचे डोळे भरून यावेत. तरी आपल्या वऱ्हाडात लागूंचा फोटो गाडगेबाबा म्हणून कोणी देवघरात लावला नाही. का? तर बाबांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं गावोगाव होती, बाबांचे खरे फोटो होते. जिथं खरं माहीत असतं तिथं सोंगाला सोंग म्हणून मान मिळतो. जिथं माहीत नसतं तिथं सोंगालाच देव व्हावं लागतं आणि त्यात सोंग घेणाऱ्याचीही गैरसोय होते.

दुसऱ्याचं म्हणणं असं, की आपल्या संप्रदायात चेहऱ्याला एवढं महत्त्व कधी होतं? आपण पालखीत पादुका नेतो. पादुकांना चेहरा नसतो. तुकोबांचं खरं रूप गाथ्यात आहे, ते वाचायचं सोडून आपण तसबिरीवर भांडत बसलो, हीच आपली चूक. इतक्या वर्षांत तसबिरीला हार चुकला नाही, पण गाथ्याचं पारायण किती वेळा चुकलं, याचा हिशेब कोणी द्यायचा? यावर मठात कोणी बोललं नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

मग प्रश्न आला त्या बुढ्या मायचा, जिनं मरताना या तसबिरीला हात जोडले. तिचा नमस्कार वाया गेला का? विणेकरीबुवांनी यावर जे समजावलं त्यानं सगळ्यांचं समाधान झालं. तिनं हात नटाला जोडले नाहीत, फोटोच्या कागदालाही जोडले नाहीत. तिच्या मनात तुकोबा होते, नमस्कार तिथं पोचला. मूल पत्र चुकीच्या पेटीत टाकतं, पण पत्ता बरोबर असेल तर पोस्टमन ते नेऊन देतोच. ज्यांना माहीत नव्हतं त्यांचा दोष नाही. पण आता आपल्याला माहीत झालं आहे. माहीत असून तसंच चालवलं, तर तो दोष आपला.

तेव्हा दिंडीनं तीन गोष्टी ठरवल्या, त्या या स्मरणिकेत नोंदवून ठेवतो. पहिली, कोनाड्यावर आता गाथा राहील आणि ओवाळणं तिलाच होईल. दुसरी, आषाढीला निघण्याआधी दर वर्षी गाथ्याचं पारायण पूर्ण होईल. ते झालं नाही तर नारळ फुटणार नाही. तिसरी, तसबीर मठातून जाणार नाही. ती समोरच्या भिंतीवर, टाळ-मृदंग टांगतो तिथं लागेल. खाली पाटीवर लिहिलं जाईल: विष्णुपंत पागनीस, तुकोबारायांचे सोंग घेणारे गुणी नट व भजनी, 1892 ते 1943. तिथं त्यांना हार घालायचा का, यावर थोडा वाद उरला. मग ठरलं, की 3 ऑक्टोबरला वर्षातून एक दिवस घालायचा. देव म्हणून नाही, आपल्यातलाच एक चांगला टाळकरी गेला म्हणून घालतो तसा.

नवी काच बसवायला तसबीर उघडली, तेव्हा जुन्या पुठ्ठ्यामागं बुक्क्याचा थर निघाला. इतक्या वर्षांत उडालेला, फटीतून आत गेलेला. पुसून काढावा की काय, असं काच बसवणाऱ्यानं विचारलं. आम्ही तो तसाच राहू दिला.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!